छातीचं माप

सेलूत, स्टेशन रोडला, बाबांचं दुकान आठ बाय दहा.
पाटी माझ्या जन्माआधीची : मुंजाजी टेलर्स.
निम्म्या गावाच्या छात्यांचे आकडे त्यांच्या वहीत,
नवरदेवांचे, फौजदारांचे, पडलेल्या एका आमदाराचा.
स्वतःचा कधी लिहिला नाही.
तो हातांना पाठ होता.

मागल्या दिवाळीपासून ते आपले शर्ट
इंच इंच सैल बेतू लागले.
एका खिशाचे दोन केले, त्यात डायरी, चष्म्याचं घर.
आईला वाटलं, पोट सुटलं.
पोट सुटलंही होतं, पण ते पाणी होतं.

तळवे लाल. गिऱ्हाईक हसायचं, मेंदी कुणाच्या लग्नाची?
खांद्यावर कोळ्याच्या पायांसारखे लाल ठिपके,
बोटानं दाबले की विझायचे,
सोडले की मधोमधून पुन्हा भरायचे.
मिशी विरळ झाली. आणि छाती —
आमच्या घरात वाक्य इथंच थांबायचं.

गावानं दारू धरून चाललं.
बाबा उसाच्या रसातही बर्फ नको म्हणणारे.
तपासणीत कावीळ निघाली, बी नावाची, जुनी,
बहुतेक त्या वर्षांतली, जेव्हा कंपाउंडर
एकाच सुईनं अख्खी गल्ली टोचायचा.
"सुईनंच जगवलं," बाबा म्हणाले,
आणि धागा दातानं तोडला.

मी नांदेडला, बायोकेमिस्ट्रीच्या दुसऱ्या वर्षाला.
सरांनी फळ्यावर काढलं :
तीन षट्कोन, एक पंचकोन, अंगाला अंग लावून.
कडेचं एखादं टोक बदललं की दाढी,
दुसरं बदललं की दूध.
मागच्या बाकांवर हशा.
सर म्हणाले, हसू नका,
तुमच्याही रक्तात ती थोडी आहेच.

हा रेणू तेलकट. पाण्याशी त्याचं जमत नाही,
म्हणून आपण होऊन जात नाही.
यकृताच्या पेशीत, गुळगुळीत जाळीच्या घड्यांत,
लोखंड धरून बसलेलं एक प्रथिन
प्राणवायू घेतं आणि त्याच्या कडेला काज पाडतं.
दुसरं येतं, काजात साखरेचं बटण लावतं,
कधी गंधकाचं.
मग तो पाण्यात उतरतो,
थोडा पित्तातून, बराचसा लघवीतून,
कुणाला न कळता निघून जातो.
आतड्यातले जंतू कधी बटण उसवतात,
तो माघारी येतो,
पेशी कुरकुर न करता पुन्हा लावते.
हे मी वहीत लिहिलं तेव्हा
मला मशीनचा आवाज येत होता.

बाबांच्या यकृतात निम्म्या जागी व्रण.
कारागीर कमी, कापड तेवढंच.
उरलेलं चरबीत गेलं
आणि नाव बदलून परत आलं.
पाणी उतरवायची गोळी दिली,
तिच्याही सांगाड्यात तीन षट्कोन, एक पंचकोन.
पाणी उतरलं. छाती दुखू लागली.

शनिवारी पॅसेंजरनं गेले.
"काय वाचायलीस?"
त्यांनी वही उजेडात धरली.
"बेतलंय बरं. पण शिवण कुठाय?"
सांगितलं. काज, बटण,
आणि घरात थांबणारं ते वाक्यही, शेवटपर्यंत.
ते बराच वेळ मशीनला तेल घालत बसले,
तेल कालच घातलेलं होतं.
"म्हंजी, मी काही केलं न्हाई."
"नाही."
"लोकाला सांगशील?"
"सांगते की."
"नको. लई लांबण लागंल."

मग शटर अर्धं ओढलं.
गळ्यातला टेप माझ्या हातात दिला
आणि हात जरासे वर करून उभे राहिले,
इतकी वर्षं दुसऱ्यांना उभं करत आले तसे.
श्वास रोखला. मी म्हटलं, रोखू नका,
हेही त्यांचंच वाक्य.
आकडा मोठ्यानं वाचला.
त्यांनी वहीत लिहिला, पुढं नाव, मुंजाजी,
आणि ॲडव्हान्सच्या रकान्यात, सवयीनं,
एक आडवी रेघ.